तीन दगडांवर पाय

दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्या मनुष्याची आपल्या समाजांत नेहमींच कुचेष्टा होते; मग आमचे पाय तर तीन दगडांवर! सकाळीं विधिमहाविद्यालयांत अध्यापन, अकरापासून कोर्ट आणि रात्रीं लेखन, असा आमचा क्रम आज पुष्कळ वर्षें चालत आला आहे. पन्नाशी उलटल्यामुळें हितचिंतकांना आमच्या प्रकृतीची काळजी वाटूं लागली असून, "यांतलें एक कांहीं तरी सोडा," हा उपदेश आम्हांस वारंवार ऐकावा लागतो. वाचकांपैकीं कोणावर असाच प्रसंग आला असेल, तर त्यांच्यासाठीं या प्रश्नाचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

हा उपदेश कांहीं नवा नाहीं. वकिली ही मत्सरी प्रेयसी आहे, अशा अर्थाचे उद्गार अमेरिकन न्यायमूर्ति जोसेफ स्टोरी यांनीं १८२९ सालीं काढले, व ते अजूनही नव्या वकिलाच्या कानावर घालण्यांत येतात. गंमत अशी कीं, हे उद्गार त्यांनीं हार्वर्ड विद्यापीठांत प्राध्यापकपद स्वीकारतांना काढले. त्या वेळीं ते तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशही होते, आणि पुढें कायद्यावरील जाडजूड ग्रंथही त्यांनीं लिहिले. म्हणजे उपदेशक स्वतःच तीन दगडांवर उभे! आपल्याकडे काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनीं मुंबईच्या हायकोर्टांत वकिली करीत असतांनाच भगवद्गीतेचें इंग्रजी भाषांतर १८८२ सालीं प्रसिद्ध केलें. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं वऱ्हाडांत वकिली करून नाटकें व विनोदी लेख लिहिले. पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळांत बाहेर पडला; तो लिहिणारा पुरुषही वकीलच. ही मंडळी थोर होती, त्यांचें उदाहरण तुम्हांला लागू नाहीं, असें वाचक म्हणतील, आणि तें आम्हांस मान्य आहे. परंतु दुसऱ्या कामानें पहिलें बुडतेंच, हा सिद्धांत मात्र यावरून खोटा ठरतो.

खुद्द कायद्याचें मत काय, तेंही पाहण्यासारखें आहे. वैद्यकी चालू ठेवून वकिलीची सनद मागणाऱ्या एका डॉक्टरांस महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलनें ती नाकारली, आणि हा नकार ज्या नियमावर आधारलेला होता तो सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं वैध ठरविला. पूर्ण वेळ पगारी नोकरी किंवा स्वतःचा धंदा वकिलास चालत नाहीं. उलट, १९७९ च्या नियमांप्रमाणें रोज तीन तासांपर्यंत कायदा शिकविण्यास मुभा आहे. व्याख्यानें, वृत्तपत्रलेखन व परीक्षकाचें काम यांसही आडकाठी नाहीं. नियमकर्त्यांनीं घड्याळ हातांत घेऊन या प्रश्नाचा निकाल लाविला, हें ठीकच झालें.

पण आमचा अनुभव असा कीं, या तीन कामांचा तंटा वेळेवरून क्वचित् होतो. तो होतो वाक्यावरून. कोर्टांतलें आमचें वाक्य उघड उघड एकतर्फी असतें, व त्यांत अप्रामाणिकपणा नाहीं. कारण तें खोडून काढण्यास समोर प्रतिपक्षाचा वकील उभा असतो, आणि तोलून पाहण्यास न्यायाधीश बसलेले असतात. वर्गांत प्रतिपक्ष नसतो, म्हणून तेथें दोन्ही बाजू आम्हांसच मांडाव्या लागतात. निबंधांत तर अशीलही नसतो. तेथें जें स्वतःला पटलें तेवढेंच लिहावयाचें. वकिलीची संवय लेखणींत शिरली कीं निबंधाची कैफियत होते. आणि निबंधाची संवय कोर्टांत नेली, तर प्रतिपक्षाचें म्हणणें आपण मोठ्या उदारपणें मान्य करून बसतों, व अशील दुसरा वकील पाहतो!

अलीकडे या तिहींच्या जोडीला एक चौथें काम दारीं येऊं लागलें आहे. जागा भरण्यासाठीं खासगी महाविद्यालयांची चढाओढ वाढली, आणि आम्हांस कायदा कळतो, कॉलेज कळतें व लिहितांही येतें, म्हणून त्यांचीं माहितीपत्रकें आमच्याकडे येतात. ज्यास स्वतःच्या वकिलीची जाहिरात करण्याची मनाई, त्याच्याकडेच दुसऱ्याची जाहिरात यावी, हा योग मौजेचा खरा. जाहिरातीचा सल्लागार म्हणून दुकान थाटणें वकिलास चालत नाहीं. मजकूर तपासून कायदेशीर अभिप्राय देणें मात्र वकिलीचेंच काम होय, व तेवढेंच आम्ही करितों. एका संस्थेच्या पत्रकांत "शंभर टक्के नोकरीची हमी" असे ठळक शब्द होते. गेल्या वर्षीं किती मुलांना नोकऱ्या लागल्या, असें आम्हीं विचारतांच, "सर, हें सगळेच लिहितात," असें उत्तर मिळालें. आम्हीं तें वाक्य खोडलें. आणि किती मुलें उत्तीर्ण झालीं, कितींना काम मिळालें व वसतिगृहासह एकूण खर्च किती, हे आंकडे पहिल्याच पानावर घालण्यास सुचविलें. पत्रक परत गेलें तें पुन्हां आलें नाहीं. आमची फी अर्थात् बुडाली.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दंड सांगितला आहे, आणि शिकवणी वर्गांना तर असल्या हमीची बंदी २०२४ च्या नोव्हेंबरांत झाली. परंतु आमच्या डोळ्यांसमोर कायद्यापेक्षां निराळेंच चित्र होतें. असें पत्रक एकटा बाप आपल्या घरीं वाचतो. तेथें प्रतिपक्षाचा वकील नसतो, न्यायाधीशही नसतो. त्याच वाक्यावर विसंबून तो कर्ज काढतो, आणि पुढें बँकेची नोटीस घेऊन आमच्यासारख्याच्या कचेरींत येऊन बसतो. हमी या शब्दाचें ओझें केवढें, हें आम्हांस वकिलीनें शिकविलें. तो बाप व त्याचा मुलगा दिसला तो वर्गामुळें. आणि वाक्य पोकळ आहे हें कानाला कळलें तें लेखनामुळें. तिहींपैकीं एक काम पूर्वींच सोडलें असतें, तर तें वाक्य कदाचित् तसेंच राहून गेलें असतें.

तीन दगडांवर पाय ठेवून चालतां येत नाहीं, हें खरें. पण आपल्या आयाबायांची चूल तीन दगडांवरच मांडलेली असे, आणि तिन्ही दगड सारख्या उंचीचे असले म्हणजे वरचें भांडें कलंडत नसे. आमच्या मतें ही उंची म्हणजे शब्दाची किंमत; ती तिन्ही ठिकाणीं एकच असली पाहिजे. वर्गांत जें वाक्य आम्ही विद्यार्थ्याच्या वहींतून खोडतों, तेंच पैशासाठीं दुसरीकडे आमच्या हातून लिहिलें जाईल, त्या दिवशीं तें दुसरें काम आम्ही सोडूं. तोंवर प्रकृति सांभाळून हा संसार असाच चालवावा, असा विचार आहे.