डी कुठे गेला?

संगणकाची पेटी उघडलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? मी ती पहिल्यांदा उघडली तेव्हा अकरावीत होते. साल होते 2006, आणि पेटी होती अब्बांची.

माझे अब्बा कातिब. वीस वर्षे त्यांनी बोरू आणि शाईने नस्तालीक लिहिले. मग 2001 साली कर्ज काढून संगणक घेतला आणि इनपेज शिकले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पोस्टर, सारे काम त्यावरच होई. पाच वर्षांत दहा जीबीची हार्ड डिस्क भरून गेली. वीस जीबीची एक वापरलेली डिस्क स्वस्तात मिळाली. ‘मीच बसवते,’ मी म्हणाले. अम्मीने कपाळाला हात लावला.

आधी वीज बंद करून प्लग काढला. आत एक रुंद, चपटी केबल होती. तिच्या एका कडेला लाल रेघ होती. अशा एका केबलवर दोन डिस्क जोडता येत. पण कोण पहिली आणि कोण दुसरी, हे संगणकाला कळायला हवे. म्हणून एकीला ‘मास्टर’ आणि दुसरीला ‘स्लेव्ह’ करावे लागे. हे काम करणारा जंपर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी. तिच्या आत धातू असतो. डिस्कच्या मागच्या कोणत्या दोन पिनांवर ती बसवायची, त्याचे चित्र डिस्कवरच छापलेले असे. मालक आणि गुलाम ही नावे मात्र मला कधी आवडली नाहीत. शिवाय ती खरीही नव्हती, कारण दोन्ही डिस्क आपापले काम स्वतंत्रपणेच करीत. 2003 साली अमेरिकेतील लॉस एंजिलिस काउंटीने ही नावे टाळावीत असे आपल्या पुरवठादारांना कळवले होते.

मी ते चित्र पाहिलेच नाही. दोन्ही डिस्क मास्टर राहिल्या आणि संगणकाला एकही सापडेना! मग चित्र पाहिले, चिमट्याने जंपर हलवला आणि विंडोज 98 सुरू झाले. मी अभिमानाने अब्बांना खुर्चीवर बसवले.

अब्बांचे सारे काम ‘डी’मध्ये असे. त्यांनी डी उघडला. आत काहीच नव्हते.

शुक्रवारी द्यायच्या पत्रिका त्यात होत्या. एका वृद्ध शायरांचा अर्धा दीवानही होता आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. अब्बा रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘बेटा, पुन्हा बघ.’ ते रागावले असते तर बरे वाटले असते.

मी नवी डिस्क काढली. डी पुन्हा भरलेला! ती जोडली की डी रिकामा. असे दोनदा झाले, तेव्हा कुठे माझे लक्ष पडद्यावरच्या ‘ई’कडे गेले. उघडून पाहिले तर दीवान तिथेच होता.

झाले असे होते. जुन्या डिस्कचे दोन भाग होते, सी आणि डी. विंडोज 98 अक्षरे वाटताना आधी प्रत्येक डिस्कच्या मुख्य भागाला अक्षर देई आणि उरलेल्या भागांना नंतर. त्यामुळे नव्या डिस्कच्या मुख्य भागाला डी मिळाला आणि आमचा जुना डी मागे सरकून ई झाला. सामान जागेवरच होते, दारावरची पाटी बदलली होती. पण पाटी पाहूनच मी घाबरले होते.

आता तुमच्या संगणकात ही कटकट नाही. 2003 च्या सुमारास साटा डिस्क आल्या. त्यांत प्रत्येक डिस्कला स्वतःची अरुंद केबल असते, त्यामुळे मास्टर-स्लेव्हचा जंपर लागत नाही. नंतरचे विंडोज दिलेले अक्षर लक्षातही ठेवते.

त्या रात्री अब्बांनी दीवानाची प्रत नव्या डिस्कवर उतरवून घेतली. मग किती तरी दिवसांनी बोरू काढला आणि सुंदर नस्तालीकमध्ये एक चिठ्ठी लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली: ‘आमचे सामान आता ई मध्ये राहते.’