सुप्याचा कॉम्प्युटर आणि एक रबरी बेल्ट

नातेवाइकांच्या लेखी सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. मी पुण्यात बसून दिवसभर कोड लिहितो, स्क्रू-ड्रायव्हरशी माझी गाठ वर्षातून दोनदा पडते, हे सांगून काही उपयोग नसतो. त्यामुळे सुप्याहून काकांचा फोन आला, "अरे, सीडी ड्राइव्ह नवा बसवला तेव्हापासून मशीनच सुरू होईना, येऊन जा," तेव्हाच शनिवार गेला हे मी ओळखलं.

सुपे बारामती तालुक्यातलं. पण बारामती म्हटलं की जो ऊस आणि कॅनॉल डोळ्यांपुढे येतो, तो इकडे नाही. हा जिरायत भाग. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं सुपे ते हेच. चौफुल्याला सोलापूर रस्ता सोडून आत वळलं की माळरान लागतं, आणि नशीब असेल तर मयूरेश्वर अभयारण्यातलं चिंकारा दिसतं म्हणे. मला आजवर मेंढरंच दिसली आहेत.

काकांचं इथे डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशक्रियेची कार्डं. विंडोज ९८, पेजमेकर ६.५ आणि एक मराठी फाँटचं पॅकेज, ज्याचं कुलूप मागच्या प्रिंटर पोर्टला लावावं लागतं. कुलूप काढलं की मराठी बंद! दुकान केव्हाच मिटलं, पण मशीन ठेवलंय ते एका सीडीसाठी. २००३ साली काकांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टाइप केल्या होत्या, काकीने वहीत उतरवून घेतलेल्या. वहीला पुढे वाळवी लागली. हार्डडिस्क एकदा बदलली. आजी गेली. उरली ती ही सीडी.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावी फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या आणि त्यातल्या कितीतरी आता पारीच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. पण त्यांत आमची आजी नाही.

तुम्ही म्हणाल, सीडीच आहे तर लॅपटॉपवर का नाही उघडली? पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. नव्या मशीनवर त्या फायली उघडायच्या तर खटाटोपच. शिवाय युनिकोडच्या आधीचे फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली मराठी अक्षरं. फाँट नसेल तर ओवीच्या जागी नुसता इंग्रजी कचरा दिसतो. बदलून देणारी कन्व्हर्टर आहेत, पण आधी सीडी तर वाचली पाहिजे ना? माझ्या यूएसबी ड्राइव्हने तिला ओळखसुद्धा दिली नाही.

मशीन उघडलं. पहिला घोटाळा लगेच सापडला. बसवणाऱ्याने हार्डडिस्क आणि नवा डीव्हीडी ड्राइव्ह एकाच रिबन केबलला लावले होते आणि दोघांचेही जंपर 'मास्टर'वर. एका केबलवर दोन मास्टर म्हणजे एका घरात दोन कारभारी, दोघेही एकदम बोलतात आणि बायोसला एकही ऐकू येत नाही. ड्राइव्हचा जंपर चिमट्याने काढून 'स्लेव्ह'वर घातला. विंडोज ९८ची ती ढगांची स्क्रीन आली. काकीने लगेच चहा टाकला. जरा घाईच झाली.

कारण ड्राइव्ह दिसत होता, पण सीडी घातली की मशीन गारठायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या 'डीएमए'समोरची खूण काढली. डीएमएमध्ये ड्राइव्ह थेट मेमरीत माहिती टाकतो. जुन्या बोर्डांचं आणि नव्या ड्राइव्हचं यावर कधीकधी जमत नाही. खूण काढली की सगळं प्रोसेसरच्या हातून जातं, सावकाश, पण जातं. पेजमेकरची मूळ सीडी वाचली गेली. एका लग्नाच्या फोटोंची, घरी राइट केलेली सीडीही वाचली गेली. ओव्यांची मात्र नाही.

म्हणजे ड्राइव्ह ठीक, दुखणं सीडीत. बाहेर काढून उजेडात धरली. खालून आरशासारखी स्वच्छ. वर काकांनी हौसेने छापून चिकटवलेला कागद, कडेला फुगलेला. लोक सीडीच्या खालच्या बाजूला जपतात. खरं तर खाली सव्वा मिलिमीटर जाड प्लास्टिक असतं. माहितीचा थर वरच्या बाजूला, पातळ लाखेखाली. तो कागद ओढला असता तर चंदेरी थरासकट आजी निघून आली असती. काका नखाने सुरुवात करतच होते, मी त्यांचा हात धरला.

फुगलेल्या कागदाची सीडी वेगात फिरली की थरथरते, हे आत कान दिला तर ऐकूही येत होतं. हळू फिरणारा ड्राइव्ह हवा होता. "काका, जुना कुठंय?" तो खोक्यात होता, २४एक्सचा. त्याला काय झालं होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

काय झालं होतं? बटण दाबल्यावर घरघर यायची, ट्रे बाहेर यायचा नाही. बस. ट्रे सरकवणारा रबरी बेल्ट सैल पडला होता, टेपरेकॉर्डरचा पडायचा तसाच. सीडी फिरवणारी मोटर वेगळी आणि लेझर वेगळा, दोन्ही धडधाकट. नवा काढून जुना जोडला, पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली यू-क्लिप खुपसून ट्रे काढला, सीडी ठेवली, हाताने आत ढकलला.

दिवा लागला, विझला, लागला. चार फायली दिसल्या.

तीन कॉपी झाल्या. चौथी, 'माहेर' नावाची, अर्ध्यावर अडकली. पाच वेळा प्रयत्न केला, दरवेळी त्याच जागी. तीन फायलींची काकांच्या जुन्या लेझर प्रिंटरवर एकेचाळीस पानं निघाली, अक्षरं जरा फिकट.

काकीने पानं चाळली, चष्मा काढला आणि म्हणाली, "माहेरच्या मला येतात थोड्या. तू लिही."

मी लॅपटॉप उघडला. दिवेलागणीपर्यंत अकरा झाल्या, आणि बाराव्या ओवीचा दुसरा चरण आठवेना म्हणून काकीने बहिणीला मोरगावला फोन लावला.