खाडीपलीकडची आघाडी

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईची माणसे माथेरान गाठतील, अलिबागला जातील. पण सहलीसाठी महाप्याला कोणी गेल्याचे ऐकिवात नाही. जाण्यासारखे तिथे आहे तरी काय? ठाण्याहून वाशीकडे येणाऱ्या गाडीतून कोपरखैरण्यास उतरावे, पारसिकच्या डोंगराच्या दिशेने रिक्षा करावी, की औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या शेडी आणि त्यांच्यामधून डोके काढणाऱ्या काचेच्या इमारती दिसू लागतात. पण वाचकहो, यातल्याच एका इमारतीत सध्या एक लढाई चालू आहे, आणि तिच्यात तुमच्याआमच्या घरच्या वडीलधाऱ्यांची आयुष्यभराची पुंजी पणाला लागलेली आहे.

महाराष्ट्र सायबर म्हणजे राज्याच्या सायबर पोलिसांचे केंद्र येथे आहे. सुमारे 837 कोटी रुपयांच्या सायबर सुरक्षा प्रकल्पाचे उद्घाटन 2024 साली येथेच झाले. टेलिफोनवरून आणि मोबाइलवरून लुबाडल्या गेलेल्या माणसांचा पैसा चोराच्या हाती पडण्यापूर्वी वाटेत अडवावयाचा, हे इथले एक मोठे काम.

आता याचा सैनिकांशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो समजण्यासाठी हार्बरच्या गाडीने थोडे पुढे, खारघरला जावे. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि भातखाचरांच्या व मिठागरांच्या जागी नवे शहर उभे राहू लागले. त्या शहरात निवृत्त फौजी मंडळीही घरे करून राहिली. खारघरला तर हवाई दल व नौदलाच्या गृहनिर्माण मंडळाची जलवायु विहार ही वसाहतच आहे. गंमत अशी की, बेलापूर आणि खारघर ही लागोपाठची स्टेशने; पण बेलापूरचा माजी सैनिक ठाणे जिल्ह्यात पडतो आणि खारघरचा रायगड जिल्ह्यात. म्हणून एकाचे सैनिक कल्याण कार्यालय ठाण्याला, तर दुसऱ्याचे थेट अलिबागेला!

फौजी माणूस इतरांच्या मानाने लवकर निवृत्त होतो. पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग विकून त्याला एकरकमी पैसे घेता येतात; शिवाय ग्रॅच्युइटी असते. ज्या वयात मुलींची लग्ने आणि मुलांची शिक्षणे उभी असतात, त्याच वयात मोठी रक्कम बँकेत येऊन पडते. मुंगळ्यांना गुळाचा वास लागायला कितीसा वेळ!

पूर्वी पेन्शनचे सारे व्यवहार ओळखीच्या बँकेत होत. काउंटरवरचा कारकून नाव घेऊन हाक मारी. 2021 पासून संरक्षण खात्याने ‘स्पर्श’ ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने आणली, आणि पेन्शन प्रयागराजच्या लेखा कार्यालयाकडून परस्पर खात्यात जमा होऊ लागली. हयातीचा दाखलाही 2014 पासून ‘जीवन प्रमाण’द्वारे घरबसल्या देता येतो. सोय खरीच मोठी. मधले हेलपाटे गेले, मध्यस्थ गेले. पण त्याबरोबर ओळखीचा चेहराही गेला, आणि त्या रिकाम्या जागेत ठग येऊन बसला. “सुभेदारसाहेब, ‘स्पर्श’मधून बोलतो. दाखला आला नाही, पेन्शन थांबेल. आलेला ओटीपी सांगा!” नोव्हेंबरात, बहुतेकांच्या दाखल्यांच्या दिवसांत, असा फोन खराच वाटतो.

याहून भयंकर प्रकार ‘डिजिटल अटके’चा. पडद्यावर खाकी गणवेशातला माणूस दिसतो, तुमच्या नावाने गुन्हा आहे म्हणतो, खोलीबाहेर पडू नका, कोणाशी बोलू नका असे बजावतो, आणि ‘तपासणीसाठी’ पैसे अमुक खात्यात भरा म्हणून हुकूम सोडतो. तुम्हीआम्ही कदाचित वाद घालू. पण ज्याने वीस-पंचवीस वर्षे गणवेश पाहून सॅल्यूट ठोकला आणि हुकमाची कधी चर्चा केली नाही, त्याने काय करावे? त्याच्या भोळेपणावर हसणे सोपे आहे. परंतु त्याच्या शिस्तीवरच घाला पडतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. उलट, फौजी नावावर आपला विश्वास असतो हे ओळखून, “मी लष्करात आहे, बदली झाली, तुमचा फ्लॅट भाड्याने हवा” असे सांगून क्यूआर कोड धाडणारे ठगही आहेतच.

सरकारने यावर काय केले? 2021 साली केंद्राने फसवणुकीची तक्रार टेलिफोनवरून घेण्याची व्यवस्था उभी केली; तिचा क्रमांक आता 1930. तक्रार येताच बँकांना कळविले जाते, आणि पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतानाच तो गोठविण्याची खटपट होते. इथे मिनिटांची किंमत असते. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणाऱ्याचा पैसा हाती लागणे कठीण. ‘डिजिटल अटक’ अशी तरतूद कोणत्याही कायद्यात नाही, हेही सरकारने वारंवार जाहीर केले आहे.

पण महाप्यातील यंत्रे कितीही जागी असली, तरी पहिला फोन घरातूनच जावा लागतो. म्हणून यंदा फराळ झाल्यावर मुलांनी-सुनांनी घरच्या फौजी आजोबांजवळ बसावे. 1930 हा आकडा ठळक लिहून टेलिफोनपाशी लावावा; आणि “बाबा, चुकून फसलात तरी आधी आम्हांला सांगा, आम्ही रागावणार नाही,” एवढे आवर्जून म्हणावे. पैशापेक्षा माणसे अब्रूला भितात, आणि ठगाचा खरा आधार तोच असतो.

बाकी आजोबांना फारसे शिकवायला नको. रात्रीच्या पहाऱ्यावर अंधारातून कोणी आले, की “थम! कौन आता है?” असे दरडावून विचारण्यात त्यांची उमर गेली. खूण पटल्याशिवाय त्यांनी साक्षात् कर्नलसाहेबांनाही आत सोडले नसते. तोच प्रश्न आता फोनला विचारावयाचा, इतकेच!