कर्कशा

ती बोलायला लागली की चौथ्या घरातला माणूस टीव्ही बंद करून अंगणात येतो. तक्रारीला नव्हे, बघायला. वजन दहा किलोंच्या वर, अंगात 105 सीसीचं इंजिन, आणि ते चालवायचं दोन हातांत धरून. जात साखळीच्या करवतीची, नाव श्टिल 070, कूळ जर्मन, मॉडेल 1968 सालचं. भंडाऱ्यात तिला असं कोणी म्हणत नाही. इथे ती नुसती ‘कटर मशीन’.

मला ती भंगारात मिळाली. भंडारा हे पितळेचं गाव. मोड घालून नवं भांडं घ्यायचं, ही इथली जुनी रीत. फुटका गुंड, चेपलेली परात मुशीत जाते आणि वेगळ्याच रूपाने कोणाच्या तरी रुखवतात मांडली जाते. जुन्या धातूने जुनाच चेहरा घेऊन जगावं, असा हट्ट या गावात कोणी धरत नाही. भंगारवाल्यानेही तिला अॅल्युमिनियमच्या ढिगात टाकून दिलं होतं. पण तिचं धड आहे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. मॅग्नेशियमचा कीस पेटतो, आणि विझवायला पाणी टाकलं तर अधिकच भडकतो. म्हणजे मुशीतही ती सुखासुखी गेली नसती.

घराणं मात्र मोठं. साखळीच्या करवतीचा मूळपुरुष जंगलात जन्मलाच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या दोन डॉक्टरांनी, जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्रे यांनी, हाड कापायला दातेरी साखळी वापरली. त्यातला एक उपयोग अडलेल्या बाळंतिणीसाठी होता. लाकडाकडे हे घराणं पुढे वळलं. आंद्रेआस श्टिल यांनी 1926 मध्ये विजेवर चालणारी करवत काढली, 1929 मध्ये पेट्रोलवरची. त्या धुडाला दोन माणसं लागत. 1959 मध्ये ‘कॉन्ट्रा’ आली, एका माणसाने पेलायची. आमची ही तिचीच वारस.

तिच्या दातांची गोष्ट तर एका अळीपाशी जाते. जोसेफ कॉक्स हा अमेरिकी लाकूडतोड्या 1946 मध्ये एका बुंध्यात लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी बघत बसला होता. अळी आपले दोन जबडे डावी-उजवीकडे चालवत उभ्या-आडव्या रेषा सारख्याच सहज कुरतडत होती. कॉक्सने तसाच वळणाचा दात घडवला, आणि आजच्या बहुतेक साखळ्यांत त्याचीच नक्कल असते. लाकडाचा शत्रू किडा. त्याच्याकडूनच माणसाने विद्या घेतली.

माझ्याकडे आली तेव्हा तिचा पिस्टन पकडलेला होता. बिनतेलाचं पेट्रोल पाजल्याची ही खूण. सिलिंडरच्या क्रोमवर पिस्टनचं अॅल्युमिनियम वितळून चिकटलं होतं. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम खातो, क्रोमला शिवत नाही. पण क्रोमखालचं सिलिंडरही अॅल्युमिनियमचंच, म्हणून हातमोजे घालून, काडीला कापूस गुंडाळून, डागापुरतंच लावायचं. मग फ्लायव्हील काढून आतले प्लॅटिनम पॉइंट घासायचे. ठिणगी निळी पडली की अर्धा जीव आला.

उरलेला अर्धा कार्बोरेटरात. त्यात मोटारसायकलसारखा फ्लोट नसतो, रबरी पडदा असतो. म्हणून तिला आडवी धरा, उलटी धरा, ती चालते. पण हाच पडदा तिचं दुखरं अंग. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. तेव्हा तिचं पथ्य ठरलेलं: लिटरला 40 मिली टू-स्ट्रोक तेल, आणि काम संपलं की टाकी रिकामी करून, कार्बोरेटरातलं पेट्रोल जळेपर्यंत चालू ठेवायची.

हे सगळं ओट्यावर पसरलेलं बघून शेजारचे काका विचारतात, “काहून जी, एवढ्या खटपटीत नवीन आली असती ना?” आली असती. नवी हलकी असते, कमी थरथरते, तिला चेन ब्रेक असतो. हिला नाही. दोरी अर्धवट ओढली तर ही उलटा हिसका देते. साखळी फिरते त्या बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर किक मारून थेट अंगावर येते. हिच्याशी वागताना लक्ष दुसरीकडे गेलेलं हिला चालत नाही, आणि मला तेच आवडतं.

पण हा भाग झाडीपट्टीचा आहे. इथे करवतीचं कौतुक करताना जीभ जरा अडखळते. कोका अभयारण्य जवळच, मोह-तेंदूवर घरं चालतात. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग आहे, मोह आहे, आंबा, चिंच, बिजा, ऐन आहे. ही झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आरा ओढायला दोन माणसं लागत आणि दिवस जाई. तेवढ्या वेळात कोणीतरी बघे, कोणीतरी थांबवी. हिने तो वेळच काढून घेतला. तिचा खरा दोष आवाज नव्हे, हा आहे.

तिचं पुण्यही त्याच वेगात आहे. उन्हाळ्यातल्या वादळात रस्त्यावर बाभूळ आडवी झाली आणि पलीकडे अँब्युलन्स खोळंबली, तर तिच्यासारखं कोणी नाही. तेवढ्यासाठी मी तिचे दात साडेपाच मिलिमीटरच्या गोल कानशीने परजून ठेवतो. सागाच्या लाकडात सिलिका असते, ती धार लवकर मारते. म्हणून कानस सोबतच असते.

आमच्याकडे फवारणीचा पंप, शिडी, प्रसंगी बैलजोडीही उसनी मिळते. ही मिळत नाही. मागणारे येतात, ते जागा सांगतात, वेळ सांगतात, चहापाण्याचंही सांगतात, झाडाचं नाव तेवढं सांगत नाहीत. मी ते विचारतो आणि झाड पडलेलं आहे की उभं, हेही विचारतो. निम्मे तिथूनच परत जातात. उरलेल्यांबरोबर मी स्वतः जातो. तिला एकटी पाठवत नाही.