धार ते देवास, व्हाया इंदूर

काकांचा फोन आला तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा वाजले होते. धारमध्ये आत्या पूजेची फुलं तोडायला अंगणात उतरताना पायरीवरून घसरली आणि तिचा उजवा खुबा मोडला. वय ७६. धारच्या रुग्णालयात एक्स-रे काढून तिला गाडीत आडवं घालून इंदूरला नेलं. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून तिथे धातूचा बसवला. तिसऱ्या दिवशी मी विमानात होतो. बाबा पुण्यात, त्यांची बायपास होऊन वर्षही झालेलं नाही. आत्याला मूलबाळ नाही, काका (आत्या म्हणजे या दोघा भावांची मोठी बहीण) देवासला असतात आणि तेही सत्तरीचे. म्हणून मी. हातात दोन आठवड्यांची रजा आणि लॅपटॉपवर एक एक्सेल शीट.

शीटबद्दल हसू नका. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी असंच केलं असतं. अमेरिकेत म्हातारं माणूस पडलं, ऑपरेशन झालं, की हॉस्पिटलातली सोशल वर्कर यादी हातात ठेवते. मेडिकेअरच्या वेबसाइटवर प्रत्येक नर्सिंग होमला १ ते ५ तारे असतात, किती नर्स आहेत, तपासणीत काय दोष सापडले, सगळं दिसतं. तीन दिवस रीतसर हॉस्पिटलात ॲडमिट असाल तर पुढे १०० दिवसांपर्यंत मेडिकेअर हातभार लावतं, पहिले २० दिवस पूर्ण आणि नंतर रोजचा आपला वाटा. तिथेही तक्रारी खूप आहेत. पण निदान सुरुवात कुठून करायची ते कळतं.

इंदूरच्या डॉक्टरांनी मला फक्त एवढं सांगितलं, "चार दिवसांत सुट्टी देऊ. सहा आठवडे जपा. पालथी मांडी नाही, खाली बसणं नाही, बुटकी खुर्ची नाही. रोज चालवा." चालवायचं कुणी आणि कुठे, हा प्रश्न आमचा. आत्याची शस्त्रक्रिया सत्तरीपुढच्यांना मिळणाऱ्या आयुष्मान कार्डावर झाली, आणि त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. ते कार्ड सुट्टीनंतरच्या १५ दिवसांतला औषधं-तपासण्यांचा खर्चही बघतं. पण माणसाला उठवून पुन्हा चालायला शिकवण्याचे पुढचे आठवडे त्यात बसत नाहीत.

साधं उत्तर होतं, धारला घरी न्यायचं. म्हणून एका सकाळी बस पकडून आधी घर बघून आलो. इंदूरहून धार साठ-पासष्ट किलोमीटर, बेटमा, घाटाबिल्लोद करत दीड-दोन तास. लहानपणी दर मे महिन्यात हाच रस्ता असायचा. आत्या शाळेत इतिहास शिकवायची आणि सुट्टीतही आम्हाला सोडायची नाही. किल्ल्यात उभं करून सांगायची की दुसरा बाजीराव इथे जन्मला, १७७५ साली, कारण आनंदीबाईंना इथे ठेवलं होतं. लाट मशिदीबाहेर पडलेला लोहस्तंभ दाखवायची, राजा भोजाच्या काळचा मानतात तो, तीन तुकडे झालेला. मग गडकालिकेला नेऊन प्रसादाचे पेढे द्यायची. ही आठवण नुसती हळवी म्हणून सांगत नाही. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा तिच्या खाटेपाशी गेलो तेव्हा ती म्हणाली, "लोहस्तंभाचे तीन झाले, माझे दोनच." म्हणजे डोकं ठिकाणावर होतं, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

घर मात्र या कामाचं नव्हतं. दारात दोन पायऱ्या, मधल्या खोलीला उंच उंबरा, झोपायची खोली माडीवर, संडास भारतीय पद्धतीचा आणि तोही मागच्या अंगणात. मी टेप काढून दारं मोजली. न्हाणीघराच्या दारातून वॉकर आडवा जात नव्हता. शेजारच्या वहिनी मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "भय्या, दार तर मोठं होईल. रात्री सोबत कोण झोपणार, ते मोजा."

धारमध्ये नर्सिंग होम पुष्कळ आहेत, पण आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे लहान हॉस्पिटल. बाळंतपणं, ऑपरेशनं, सलाइन. आठवडेच्या आठवडे ठेवून चालायला शिकवणारी जागा मला तिथे मिळाली नाही, देवासलाही नाही. दोन्ही गावांतून मोठ्या दुखण्याला माणसं इंदूरकडेच निघतात, त्यामुळे अशा जागा आल्या त्याही इंदूरलाच.

इंदुरात दोन बघितल्या. पहिली बायपासजवळ, काचेची, लॉबीत कारंजं. मॅनेजरने टॅबवर फोटो दाखवले, हायड्रोथेरपीचा टँक, रोबोटिक चालणं, फिल्म थिएटर. माझ्या शीटचे रकाने भराभर हिरवे होत गेले. मग मी विचारलं, "रात्री या मजल्यावर किती सिस्टर असतात?" तो म्हणाला, "सर, चोवीस तास स्टाफ असतो." मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. टँकमध्ये पाणी नव्हतं. एका खोलीत एक आजोबा घंटी दाबून वाट बघत होते. मी घड्याळ लावलं, अकरा मिनिटं. दुपारची अडीचची वेळ होती, म्हणजे सगळा स्टाफ हजर असण्याची.

दुसरी जागा जुन्या वस्तीत, एका बंगल्याचे दोन मजले. रंग उडालेला. लिफ्ट होती पण कुरकुरणारी, माझ्या शीटवर तिला पाचपैकी दोन गुण. मी न कळवता संध्याकाळी सात वाजता गेलो, जेवणाच्या वेळी. ही युक्ती शिकागोतल्या मंडळाच्या एका काकूंनी शिकवली होती, त्यांच्या सासऱ्यांच्या वेळची. ठरवून जाल तर तुम्हाला लॉबी दिसते, जेवणाच्या वेळी जाल तर माणसं दिसतात. एक मुलगी एका आजींना भरवत होती आणि प्रत्येक घास गिळेपर्यंत थांबत होती. वास डेटॉलचा आणि खिचडीचा. मुख्य सिस्टर केरळच्या, हिंदी मोडकं पण उत्तरं सरळ. रात्री बारा पेशंटना दोन सिस्टर आणि दोन आया. जे स्वतः वळू शकत नाहीत त्यांची कूस दर दोन तासांनी बदलतात आणि ते खाटेला लटकवलेल्या कागदावर लिहितात. मी कागद पाहिला, आदल्या रात्रीच्या नोंदी वेगवेगळ्या शाईत आणि वेगवेगळ्या अक्षरांत होत्या. एका हाताने, एका बैठकीत भरलेला कागद लगेच ओळखू येतो. आम्ही इंजिनियर लोक लॉग वाचण्यातच आयुष्य घालवतो. फिजिओ दिवसातून दोनदा येतो, रविवारी एकदा. बिघडलं तर कुठल्या हॉस्पिटलला नेतात, किती मिनिटं लागतात, डायपर आणि औषधं बिलात वेगळी की आत, सगळं त्यांनी न विचारता सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "इथे कायम ठेवू नका. चार हप्ते. मग घर."

तरीही मी ठरवलं नाही, कारण मधे देवास होतं.

देवास इंदूरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटर. काका बँक नोट प्रेसमधून निवृत्त झाले. त्यांच्या गच्चीवरून माता टेकडी दिसते, संध्याकाळी दिवे लागले की पायऱ्यांची रेघ उजळते. तुम्ही तरुण मंडळी कधी माळव्यात गेलात तर हे गाव बघाच. पवारांच्या दोन भावांनी वसवलेली दोन संस्थानं, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात, दोन राजे, दोन दरबार, १९४८ पर्यंत. ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता, 'द हिल ऑफ देवी' मधली टेकडी ती हीच.

पण काकांना सांगायचं होतं ते वेगळंच. "कुमारजी इथे कशाला आले? गायला? बरं व्हायला आले," ते म्हणाले. खरंच आहे. १९४८ मध्ये कुमार गंधर्व देवासला आले तेव्हा चोविशीचेही नव्हते, देशभर नाव झालेलं आणि क्षयाने फुप्फुस धरलेलं. इथली कोरडी हवा मानवेल म्हणून आले. गाणं बंद. जवळपास पाच वर्षं. अंथरुणाला खिळून त्यांनी बाहेरून ऐकू येणारी माळव्याची लोकगीतं ऐकली, त्यातून पुढे मालवती, सहेली तोडी असे धुनउगम राग आले. स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत राहिले देवासलाच. "कुठलं सेंटर होतं तेव्हा? घर होतं," काका म्हणाले. "ताईला इथे आण. खालची खोली रिकामी आहे, कमोड आहे, फिजिओ घरी येतो."

मला ते पटलं. पटायलाच हवं होतं, कारण त्यात सगळं होतं: आपलं माणूस, आपलं घर, टेकडी, वर कुमारांची गोष्ट. शिवाय पैसे वाचत होते. परतून मंडळाच्या गणपतीत सांगायला किती छान! मी शीटमध्ये देवासचा रकाना जोडून सगळीकडे पाच-पाच गुण टाकले.

रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर काकू ओट्याला टेकून कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून उभ्या होत्या. मी बसा म्हटलं. म्हणाल्या, "बसलं की उठताना जास्त दुखतं." मग थोडं थांबून, "तू कुमारजींचं ऐकलंस. भानुमतीबाईंचं ऐकलंस का?"

थोडंसं ऐकलं होतं. भानुमतीबाई म्हणजे कुमारांच्या पत्नी. १९४७ मध्ये लग्न, पुढच्याच वर्षी नवरा अंथरुणावर. त्यांनी शुश्रूषा केली आणि शाळेत नोकरी करून घर चालवलं. स्वतः त्याही गाणं शिकलेल्या. १९६१ मध्ये बाळंतपणात गेल्या.

"त्या तरुण होत्या," काकू म्हणाल्या. "मी अडुसष्टची आहे. ताईंवर माझा जीव आहे, नाही म्हणणार नाही मी. पण रात्री दोनदा उठून त्यांना कमोडवर कोण बसवणार? तुझे काका? त्यांना हाक मारून उठवायलाच मला दहा मिनिटं लागतात."

मी हसलो, त्याही हसल्या, आणि मग मला फार ओशाळल्यासारखं झालं. दोन दिवस मी दारांची रुंदी मोजत होतो आणि ज्या बाईच्या पाठीवर हे सगळं पडणार होतं तिला विचारलंसुद्धा नव्हतं. काकाही विचारायला विसरले होते. ते वाईट नाहीत, त्यांना फक्त खात्री होती. 'घरी' म्हणताना आपण बहुतेक वेळा कुणाचं तरी नाव न घेता त्या व्यक्तीबद्दल बोलत असतो, आणि ती व्यक्ती बहुधा स्वयंपाकघरात असते.

दुसऱ्या दिवशी इंदूरला आत्याच्या खाटेजवळ बसलो आणि सगळं तिच्यासमोर मांडलं, बायपास, बंगला, देवास, धार. लॅपटॉप फिरवून शीटही दाखवली. तिने चष्मा लावून नीट वाचली. "यात मी कुठे आहे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "तू सांग, टाकतो."

"मला धारला जायचंय. आज नाही, चालता आलं की. देवासला नाही. तुझी काकू काही बोलणार नाही, आणि मला ते रोज दिसेल. त्या बंगल्यात एकादशीला साबुदाणा देतात का विचार. आणि तिथे दिवसभर टीव्ही लावत असतील तर मला नको."

साबुदाणा देत होते. टीव्ही एकाच खोलीत होता. चार आठवड्यांसाठी तिथे ठेवायचं ठरलं, काका आठवड्यातून दोनदा देवासहून येणार, काकू एकदा, आणि तेव्हा फक्त गप्पा मारायला. उरलेले दिवस मी धारला काढले. मागच्या पडवीत कमोड बसवला, दार चार इंच वाढवलं, भिंतीला स्टीलचे दांडे, उंबरा काढून उतार. गवंडी म्हणाला उंबरा काढला तर लक्ष्मी जाते. आत्याला फोन लावून दिला. तिने त्याला काय सांगितलं माहीत नाही, पण त्याने निमूटपणे छिन्नी घेतली. शेजारच्या वहिनींच्या ओळखीने रात्रीच्या सोबतीला एक बाई मिळाली, पगार आणि महिन्याच्या चार सुट्ट्या आधीच लिहून ठरवल्या. त्या सुट्ट्यांच्या रात्री कोण, हा प्रश्न वहिनींनीच पुन्हा विचारला, तेव्हा दुसऱ्या बाईंचंही नाव लिहून घेतलं.

पाचव्या आठवड्यात आत्या धारला परतली, मी तोवर इकडे आलो होतो. परवा व्हिडिओ कॉल केला. वॉकरच्या पुढच्या दांडीला तिने जुन्या साडीची पिशवी शिवून बांधली आहे, तीत फोन, चष्मा, आणि परडीऐवजी तीतच फुलं. अंगणाच्या पायऱ्या अजून उतरत नाही, शेजारची मुलगी फुलं तोडून देते. मी विचारत होतो दुखतं का, रात्री झोप लागते का. ती म्हणाली, "नंतर कर. फिजिओ आलाय, त्याला उशीर झाला की तो दहा वेळांऐवजी सातच वेळा उठबस करून घेतो."