उलाळ

बिऱ्हाड हलवताना माणसाला आपल्या संसाराचे खरे वजन कळते, असे म्हणतात. माझा अनुभव थोडा निराळा आहे. वजन किती, हे हमालही सांगतो. वजन कुठे ठेवायचे, हे सांगणारा मात्र भेटावा लागतो. मला तो नांदेड-लातूर रस्त्यावर माळेगावच्या यात्रेच्या तोंडावर भेटला. तोवर मी चौदा वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवीत होतो, आणि आपल्याला पुष्कळ शब्द येतात अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

गोष्ट २०१७ सालच्या डिसेंबरातली. त्या वर्षीच्या जूनमध्ये माझी नांदेडहून लातूरला बदली झाली. पत्नी आणि दोन मुले यांच्यासह मी लातूरला भाड्याचे घर घेतले. पण आई यायला तयार होईना. वडील जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. तिने खरे कारण कधीच सांगितले नाही. ती सांगे ते दुसरेच. "जिथं पाणी आगगाडीनं येतं, तिथं मी यायची नाही!"

यावर बोलायला जागा नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला खरोखरच रेल्वेने पाणी आले होते. मांजरा धरण कोरडे पडले होते, आणि मिरजेहून दहा टाक्यांची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, तेव्हा साऱ्या देशाने ती बातमी वाचली होती. मी आईला समजावले, की त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा पुन्हा भरले. पण आईचा जन्म गोदाकाठचा. ज्या नदीवर आजीने आणि आईने दिवे सोडले, ती सोडून नळाच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे, हे तिला पटण्यासारखे नव्हते. मी दर पंधरवड्याला नांदेडला जाई, तिची औषधे भरून ठेवी, आणि परत येताना एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत स्वतःला दोष देत राही.

आणि एका शुक्रवारी संध्याकाळी तिचाच फोन आला. "उद्या येतोस का? नेतोस तर उद्याच ने. परवाचं मला सांगता यायचं नाही."

मी त्याच रात्री आमची जुनी मारुती ८०० काढून नांदेड गाठले. सकाळी टेम्पो शोधायला निघालो, तर सगळे टेम्पो माळेगावला गेलेले! मार्गशीर्षातली खंडोबाची यात्रा ती. घोडे, गाढवे, उंट यांचा एवढा मोठा बाजार आपल्याकडे क्वचितच भरत असेल. व्यापाऱ्यांनी चार दिवस आधीच गाड्या बोलून ठेवल्या होत्या. एकजण मोकळा निघाला, पण तो म्हणाला, "सोमवारी येतो." आईच्या मनाचा सोमवार कसा असेल, हे मला ठाऊक नव्हते.

तेव्हा मला अमेरिकेतल्या धाकट्या भावाचे फोटो आठवले. नोकरी बदलली तेव्हा त्याने आपल्या लहानशा मोटारीमागे भाड्याचा नारिंगी ट्रेलर जोडून ओहायोपासून टेक्सासपर्यंत बिऱ्हाड नेले होते. तिकडे हा मोठाच धंदा आहे. १९४५ साली, युद्ध संपत आले असता, शोएन नावाच्या एका तरुण जोडप्याला स्वतःचे सामान दुसऱ्या गावी नेण्यासाठी ट्रेलर भाड्याने मिळेना. त्या अडचणीतून त्यांनी 'यू-हॉल' सुरू केली. एका गावी ट्रेलर घ्यायचा आणि दुसऱ्या गावी सोडून द्यायचा, अशी सोय. मी म्हटले, ओहायो ते टेक्सास जमते, तर नांदेड ते लातूर का जमू नये? सगळे अंतर दीडशे किलोमीटरांच्या आतले!

ओळखीच्या एका मांडववाल्याकडे वरातीच्या जनरेटरची दोनचाकी ट्रॉली होती. जनरेटर दुरुस्तीला उतरवलेला, म्हणून ट्रॉली रिकामी उभी होती. तिचे एका दिवसाचे भाडे ठरले. वेल्डिंगवाल्याने मारुतीच्या पोटाखाली लोखंडी पट्ट्या जोडून मागे एक हूक काढून दिला आणि म्हणाला, "सर, हत्ती बांधा!" ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी लागते, प्रत्येक मोटारीची ओढण्याची मर्यादा ठरलेली असते, हे सारे मला मागाहून कळले. वाचकांनी माझे अनुकरण करू नये म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. मारुती ८०० म्हणजे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरांचे यंत्र. १९८३ पासून तिने मध्यमवर्गाला उन्हापावसात फिरवले खरे. पण तिचे स्वतःचे वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास, आणि मी तिच्या पाठीशी जवळजवळ तेवढाच संसार बांधू पाहत होतो.

सामान चढवायला शेजारची दोन मुले आली. गाद्या, आईचा पलंग, देवघर, पितळी भांड्यांची पोती अशी ट्रॉली भरत गेली. माझी पुस्तके जूनमध्ये न्यायची राहिली होती, तीही घ्यायचे मी ठरवले. त्यांत दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सातही खंड होते. वडिलांनी ते मला एम. ए. झाल्यावर घेऊन दिले होते. शेवटी आईने मुलांकरवी आतून जाते आणवले.

"आई, जाते कशाला? तिथे गिरणी घराखालीच आहे."

"असू दे. माझ्या सासूबाईंचं आहे."

मी वाद घातला नाही, पण माझा चेहरा बोललाच. आई क्षणभर ट्रॉलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग ते पुढं ठेव रे. आणि तुझी पुस्तकंही पुढं घे."

पुढे घ्यायचे म्हणजे भरलेली सारी ट्रॉली उपसायची. बारा वाजत आले होते. मी म्हणालो, "तुला यातलं काय कळतं, आई? तू बस बरं गाडीत."

ती बसली. पुढच्या आसनावर मी माझा संगणक ठेवला होता, म्हणून मागे बसली. मांडीवर गोदावरीच्या पाण्याची कळशी, तिच्या तोंडाला फडके बांधलेले. पुस्तकांची खोकी आणि जाते ट्रॉलीच्या अगदी मागच्या फळीला टेकवून आम्ही दोर आवळला. आईने घराला कुलूप घातले, एकदा ओढून पाहिले, आणि किल्ली माझ्याकडे न देता कमरेला खोवली.

विष्णुपुरी मागे पडेपर्यंत मी खुशीत होतो. गाडी चढाला कण्हत होती, क्लचचा वास येत होता, पण चालली होती. सोनखेडच्या पुढे चहासाठी थांबलो आणि निघताना गाडी मागे घ्यावी लागली, तेव्हा पहिला धडा मिळाला. मी चाक उजवीकडे फिरवले की ट्रॉली डावीकडे जाई. डावीकडे फिरवले की उजवीकडे. तीनदा ट्रॉली कातरीसारखी मिटली. शेवटी हॉटेलातल्या चौघांनी ती सोडवून हातांनी वळवून दिली. त्यांत एकजण म्हणाला, "सर, हिला पुढंच चालवा. मागं जायचं हिच्या नशिबात न्हाई." आई मागच्या आसनावर पहिल्यांदा हसली.

लोहा ओलांडल्यावर एका लांब उतारावर गाडीने आपोआप वेग घेतला. काटा साठाच्या पुढे गेला असेल. एकाएकी मागून कुणीतरी कंबर धरून हलवावी तशी मारुती डोलू लागली. आरशात पाहतो तो ट्रॉली या कडेपासून त्या कडेपर्यंत झोके घेते आहे! मी घाबरून ब्रेक दाबला. तसा झोका कमी व्हायच्या ऐवजी वाढला. समोरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत एक ट्रॅक्टर येत होता. आई एकच शब्द बोलली: "हळू." मी ब्रेकवरचा पाय काढला, चाक घट्ट सरळ धरले आणि देवाचे नाव घेतले. ट्रॅक्टर आमच्या अंगावरून गेल्यासारखा गेला. उतार संपला, वेग ओसरला, आणि मी गाडी एका बाभळीखाली उभी केली. माझे हात थरथरत होते. कळशीतले निम्मे पाणी आईच्या लुगड्यावर सांडले होते.

बाभळीखाली यात्रेला निघालेल्या एका कुटुंबाची बैलगाडी सुटलेली होती. तिचा म्हातारा धनी उठून आमच्याकडे आला. त्याने मला काही विचारले नाही. ट्रॉलीभोवती एक फेरी मारली, हुकाची खीळ काढायला सांगितली, आणि ट्रॉलीची पुढची दांडी एका हाताने वर उचलली. एवढी भरलेली ट्रॉली, आणि तिची दांडी पोराच्या हातातल्या काठीसारखी वर आली!

"मास्तर," तो म्हणाला, "गाडी उलाळ झाली की वो."

मी विचारले, "म्हणजे?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले. मास्तर म्हणवणाऱ्या माणसाला हे कळू नये, याचे त्याला नवल वाटले असावे. "ओझं समदं आसाच्या मागं गेलं. मागं जड, पुढं हलकं. बैलगाडी अशी भरली तर जू वर उचलतं अन् बैलाच्या गळ्याला फास बसतो. तुमच्या मोटारीला गळा न्हाई म्हणून ती डुलायली."

मग त्याने त्याच्या पोरांना हाक मारली. आम्ही सारी ट्रॉली उतरवली. आधी जाते आणि पुस्तकांची खोकी आसाच्या जरा पुढे, मग भांडी, आणि हलक्या गाद्या मागे. दांडी पुन्हा उचलून पाहायला त्याने मलाच सांगितले. या खेपेस ती दोन्ही हातांनी जेमतेम हलली.

"आता बराबर. लई जड नको, खांदा दुखतो. पर थोडं ओझं वढणाऱ्याच्या खांद्यावर पायजेच. समदंच मागं टाकून चालत न्हाई."

मी पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. आईने देवघरातली हळदीकुंकवाची कुयरी काढून त्याच्या सुनेला कुंकू लावले. मग मी संगणक उचलून गाद्यांच्या मध्ये ठेवला आणि पुढचे दार उघडले. "आई, तू पुढे बस."

आम्ही चाळिशीच्या वेगाने निघालो. ट्रॉली आता शहाण्या वासरासारखी मागून येत होती. बराच वेळ कुणी बोलले नाही. अहमदपूर आल्यावर मी म्हणालो, "आई, तू सकाळी सांगितलं होतंस."

"माझ्या वडलांची गाडी होती. मी लहानपणी कडब्याच्या गाडीला दांडी धरून उभी राहायचे."

"मग जोर करून का नाही सांगितलंस?"

ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, "हल्ली मी सांगितलेलं फारसं कुठं लागत नाही, रे."

रागाने म्हणाली असती तर सोसले असते. पण ती एखाद्या हवामानाच्या बातमीसारखी म्हणाली. सहा महिने मी तिला लातूरला 'आणायचे' म्हणत होतो. घर मी पाहिले, तिची खोली मी ठरवली, तिच्या जात्याला जागा नाही हेही मीच ठरवले. आमच्या संसारातली सगळ्यांत जाणती माणूस मी सामानाच्या अखेरीस, मागच्या फळीला टेकवून ठेवली होती. आणि घर डोलते का, याचे कारण बाहेर शोधत होतो.

लातूरला गंजगोलाईचे दिवे दिसले तेव्हा सात वाजून गेले होते. रात्री भावाला फोन करून सारे सांगितले. तो ओरडलाच. "दादा, तिकडे ट्रेलर देतानाच बजावतात! साठ टक्के वजन चाकांच्या पुढं ठेवायचं. एकूण भाराचा दहावा हिस्सा तरी हुकावर टेकला पाहिजे, आणि ताशी पंचावन्न मैलांच्या वर जायचं नाही. झोका आला तर ब्रेक मारायचा नाही. तुला हे कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "आईनं."

फोन ठेवून मी पुस्तकांचे पहिले खोके फोडले आणि शब्दकोशाचा पहिला खंड काढला. 'उ' काढून बोट फिरवीत गेलो. शब्द तिथे होता. चौदा वर्षे तो माझ्या कपाटात होता, आणि त्या दिवशी शंभराच्या आत किलोमीटर तो माझ्याच ट्रॉलीच्या शेपटीला बसून मला डोलवीत आला होता!

दुसऱ्या दिवशी मी आईला विचारले, "जाते कुठे ठेवू?" तिने साऱ्या घरातून एक फेरी मारली. तिने दाखवली ती जागा माझ्या टेबलाची होती. टेबल मी आतल्या खोलीत नेले.

कळशीत उरलेले गोदावरीचे पाणी तिने थोडे देवावर घातले आणि थोडे गच्चीवरच्या टाकीत ओतले. "आता झालं," ती म्हणाली, "आता हे पाणी आगगाडीचं नाही." आणि कमरेची किल्ली काढून तिने ती देवघराच्या खणात ठेवली. माझ्या हाती ती अजूनही दिलेली नाही. मीही मागत नाही. थोडे ओझे तिच्या खांद्यावर असलेलेच बरे.