आधी कागद, मग सवलत?

‘आधी अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणा, मग सवलतीचं बोलू,’ हे वाक्य मी प्राध्यापक म्हणून वर्षानुवर्षं उच्चारलं आणि त्यातच न्याय आहे अशी माझी ठाम समजूत होती. सरकारी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात एकेका वर्गात शंभरावर मुलं असतात. सूट माझ्या मर्जीवर ठेवली तर ज्याचे आईवडील केबिनपर्यंत येतात त्याचंच काम होणार. गावाकडून आलेल्या, तोंड न उघडणाऱ्या मुलावर अन्याय नको, म्हणून कागद हवा.

माझं मत बदललं ते त्याच मुलाचा विचार करताना. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, मात्र स्वतंत्र नावानं नाही. मग त्या विद्यार्थ्यानं कोणत्या रकान्यात बसायचं? शिवाय निदानासाठी तज्ज्ञ गाठायचा, फी भरायची, जिल्हा रुग्णालयात हेलपाटे घालायचे. शहरातल्या शाळेतून फाइल घेऊनच आलेल्या मुलाला हे जमतं. गावच्या शाळेनं तशाच मुलाला धांदरट किंवा एककल्ली म्हणून सोडून दिलेलं असतं. मुलगी असेल आणि गप्प बसत असेल, तर तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. ज्याच्यासाठी मी दार राखत होतो, तोच बाहेर उभा होता.

सर्वोच्च न्यायालयानं 2021 साली विकास कुमार खटल्यात सांगितलं, की लेखनिकाची सोय 40 टक्के अपंगत्वाच्या अटीला बांधून ठेवता येणार नाही. खटला लढणाऱ्या या परीक्षार्थी उमेदवाराचा लिहिताना हात आखडत असे. गरज आणि टक्केवारी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या निकालानं माझ्या मनात पक्कं केलं.

शिवाय, परीक्षेत तासामागे 20 मिनिटं जादा मिळाली तरी मी पाहिलेली बरीच मुलं त्याआधीच गळतात. जर्नल राहतं, अंतर्गत गुण जातात, तोंडी बदललेली तारीख कळतच नाही, गटप्रकल्पात कुणी घेत नाही. यावरच्या उपायांना कुठला कागद लागतो? मी आता सत्राच्या सगळ्या तारखा सुरुवातीलाच लेखी देतो. मोठं सबमिशन टप्प्याटप्प्यानं घेतो. ओरल गोंगाटापासून दूरच्या खोलीत घेतो. हे सगळ्यांसाठीच आहे. नोकरी करून शिकणाऱ्यांनाही उपयोगी पडतं.

‘सर, अशानं मुलं लाडावतील,’ असं स्टाफरूममध्ये ऐकतो. शंका प्रामाणिक आहे, पण तारीख लिहून दिल्यानं पेपर सोपा होत नाही.

परीक्षेतल्या जादा वेळेसाठी नियम कागद मागतो, आणि तिथे माझी आजही हरकत नाही. फक्त तो मिळवण्याची धावपळ अठरा वर्षांच्या पोरानं एकट्यानं करू नये. अर्ज भरून देणं, रुग्णालयाची तारीख घेणं, सोबत माणूस पाठवणं हे महाविद्यालयाचं काम आहे, आणि प्रवेशाच्या पहिल्याच महिन्यात व्हायला हवं.